देहूरोडचे शेजारी आणि ल्यूथरचा पंथ

देहूरोड स्टेशनावर उतरून इंद्रायणीकाठची वाट धरणाऱ्या वारकऱ्यास भोवतालची वस्ती न्याहाळण्यास सवड नसते. तुकोबांच्या गावावरून नाव पडलेल्या या ठिकाणी लष्करी डेपोच्या निमित्ताने दक्षिणेकडील पुष्कळ कुटुंबे येऊन राहिली; त्यांत ख्रिस्तीही आहेत. येथेच डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. इतक्या धर्मांचा शेजार असूनही आमचा शिकलासवरलेला व्यापारी ‘ख्रिस्ती’ म्हणजे एकच एक जात आणि ‘मिशन’ म्हणजे साहेबाचे एक खाते असे समजून चालतो, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. दक्षिणेत ज्याचे अनुयायी पुष्कळ आहेत अशा ल्यूथरच्या पंथाचाच विचार करू. कारण त्याचा मराठ्यांशी जुना संबंध आहे.

मार्टिन ल्यूथर हा जर्मन संन्यासी व अध्यापक. पापाची शिक्षा पैसे भरून कमी होते असे सांगून माफीपत्रे विकली जात होती. त्यावर त्याने १५१७ साली ९५ आक्षेप मांडले. त्याचे म्हणणे असे की, मनुष्य स्वतःच्या पुण्याईने तरत नाही. तो केवळ देवाच्या कृपेने व त्या कृपेवरील विश्वासाने तरतो, आणि धर्माच्या बाबतीत अखेरचे प्रमाण शास्त्रग्रंथ होय, पोप नव्हे. ग्रंथ सर्वांस कळावा म्हणून त्याने तो लोकभाषेत आणला. संपूर्ण जर्मन बायबल १५३४ साली निघाले. लोकभाषेत धर्म सांगितल्याबद्दल ज्यांच्या वह्या नदीत बुडविल्या गेल्या असे परंपरा सांगते, त्या तुकोबांच्या भूमीत ही गोष्ट फोड करून सांगावी लागू नये. याच ल्यूथरने १५२५ साली बंडखोर शेतकऱ्यांस निर्दयपणे चिरडण्याचा सल्ला दिला व १५४३ साली यहुद्यांविरुद्ध विषारी पुस्तक लिहिले, हेही विसरता येत नाही.

त्याच्या अनुयायांत जे सनातनी, ते १५३० चा ऑग्सबर्गचा कबुलीजबाब व १५८० चा ‘बुक ऑफ कॉन्कॉर्ड’ हा संग्रह शास्त्राचा यथार्थ अर्थ मानून अक्षरशः पाळतात. तान्ह्या मुलांस बाप्तिस्मा देतात; प्रभुभोजनाच्या भाकरीत व द्राक्षारसात ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखरच असते, केवळ खूण म्हणून नव्हे, असे मानतात. अमेरिकेतील १८४७ सालचा मिझुरी सिनॉड हा त्यांतील कट्टर. तो बायबलात चूक संभवतच नाही असे मानतो, मतभेद असलेल्यांस प्रभुभोजनास सामान्यतः घेत नाही, आणि स्त्रियांस पाळकपद देत नाही. शेवटची गोष्ट आम्हांस मुळीच पटत नाही. मात्र याच मताग्रहापायी लाइपझिग मिशनमधून बाहेर पडावे लागलेल्या दोघा मिशनऱ्यांनी १८९५ साली या सिनॉडच्या आश्रयाने तामिळ मुलखात काम सुरू केले. त्यातूनच ‘इंडिया इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च’ १९५८ साली स्वायत्त झाले. मतासाठी पोटावर पाय आणून घेणारा मनुष्य चुकला असेल, लोभी खास नव्हे.

आता मराठ्यांची गोष्ट. ९ जुलै १७०६ रोजी त्सीगेनबाल्ग हा ल्यूथरपंथी तरंगमबाडीस उतरला. ते बंदर तेव्हा डेन्मार्कचे होते, इंग्रजांचे नव्हते. त्याच मिशनचा श्वार्ट्झ पुढे तंजावरास राहिला. तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींस त्याने सांभाळले, शिकविले. जिवास धोका दिसताच मद्रासेस नेले. श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत वारला व त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. त्यांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतलेले स्मारक तंजावरच्या चर्चमध्ये आहे. त्यात राजे मरणासन्न गुरूचा हात धरून उभे आहेत. आणि राजे ख्रिस्ती झाले काय? नाही. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, देवनागरी छापखाना घातला, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीने गिळला, हे शल्य आम्हांस आहेच. श्वार्ट्झ कंपनीच्या वतीने हैदर अलीकडे वकिलीसही गेला होता. तेव्हा त्यास राजकारणापासून अगदी अलिप्त म्हणता यावयाचे नाही. परंतु शिष्याचा धर्म त्याने हिरावला नाही.

लालूच दाखवून बाटविण्याचा आरोप या पंथावर कोणी करील तर त्याने त्याच्याच मूलतत्त्वाकडे पाहावे. जेथे पुण्य विकत मिळत नाही, तेथे विश्वास विकत घेणे हा उघड धर्मद्रोह ठरतो. असे कोठे घडत असल्यास पुरावा आणावा. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे आणि त्यात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला आहे. निव्वळ संशयावरून प्रार्थनेसाठी खोली भाड्याने न देणे ही सावधगिरी नव्हे.

आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. कृपेपुढे सर्व सारखे म्हणणाऱ्या या पंथाच्या दक्षिणेतील देवळांत वरच्या व खालच्या जातींचे बाक दीर्घकाळ वेगळे होते, आणि एकोणिसाव्या शतकात लाइपझिग मिशनने जातिभेद हा केवळ लौकिक व्यवहार म्हणून चालू दिला. हा प्रश्न आम्ही त्यांस जरूर विचारू; पण विचारण्यापूर्वी आपल्या गावच्या स्मशानांची दारे एकदा पाहून येऊ.