शेवटच्या मुलाचा आकडा



सीईटीचा निकाल लागला की पुढचे चार-पाच रविवार आमच्या घरी चहाचे आधण चुलीवरून उतरत नाही. नवघर, गोडदेव, काशिमीरा, कुठकुठून पालक येतात. आम्ही काही इंजिनिअर नव्हेत. आम्ही बी.कॉम., पेशाने कारकून. कागद उलटसुलट करून वाचणे एवढीच आमची विद्या. पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशात हीच विद्या कामाला येते, असा आमचा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे.

गेल्या हंगामात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचे काम करतात. बसले न बसले तोच म्हणाले, "दादा, हिला किती चान्स आहे तेवढं सांगा." आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. कुठल्याशा मार्गदर्शन केंद्रात पैसे भरून त्यांनी तो आणला होता. कागदावर सहा कॉलेजे लिहिलेली, सगळी जवळपासची, आणि खाली लाल पेनाने : 'सरकारी – नो चान्स'. वर तोंडी सल्ला मिळाला होता की मॅनेजमेंटची सीट आत्ताच बुक करा, मागाहून मिळणार नाही. गृहस्थ पतपेढीत कर्जाची चौकशीसुद्धा करून आले होते!

मुलगी दाराशीच उभी होती. आमच्या पत्नीने तिला आत बोलावून विचारले, "बाळ, तुला काय हवंय?" तेव्हा ती हळूच म्हणाली, "व्हीजेटीआय. इलेक्ट्रिकल." बापाने हे बहुधा पहिल्यांदाच ऐकले असावे. आम्हांला त्या लाल पेनाचा राग आला, तो याच क्षणी. पोरीने दोन वर्षे अभ्यास केला, नव्वदीच्या वर पर्सेंटाईल मिळवले, आणि तिला काय हवे हे केंद्रात कोणी विचारलेही नव्हते.

आता मुद्द्याकडे वळू. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे अजून कितीतरी घरांत ठाऊक नाही. सीईटीचा पेपर दोनशे मार्कांचा. भौतिक आणि रसायन यांचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका मार्काचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन मार्कांचे. चुकले तर मार्क कापत नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून मार्कांऐवजी आपल्या सत्रातली किती मुले आपल्या बरोबरीने किंवा मागे राहिली, ते पर्सेंटाईलमधून सांगतात. २०२५ साली पीसीएम गटाला सव्वाचार लाखांच्या आसपास मुले बसली होती. म्हणजे नव्वद पर्सेंटाईलवाल्याच्या पुढे चाळीस हजारांहून जास्त मुले उभी आहेत. एका पर्सेंटाईलमध्ये चार हजारांवर मुले मावतात. तेव्हा 'नव्वद मिळाले, आता कुठेही मिळेल' असे म्हणत पेढे वाटणारा बाप आणि 'नव्वदच मिळाले' म्हणून पोराला बोलणारा बाप, दोघांनी आधी हा हिशेब करावा.

दुसरा कागद कट-ऑफचा. राज्य सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर ही यादी प्रसिद्ध करतो. ती फुकट असते. तीत कॉलेजचे नाव, शाखा आणि त्याखाली रकाने. रकान्याच्या नावातील पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची राखीव जागा. मधली अक्षरे प्रवर्गाची, ओपन, एस.सी., एस.टी. वगैरे. शेवटी एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांची जागा, ओ म्हणजे हद्दीबाहेरच्यांची आणि एस म्हणजे राज्यस्तरावरची. रकान्यात वरचा आकडा गुणवत्ता क्रमांक आणि कंसातला पर्सेंटाईल. एवढे कळले की यादी रेल्वेच्या टाइमटेबलपेक्षा अवघड नाही.

पण तो आकडा कोणाचा? गेल्या वर्षी त्या रकान्यात ज्याला सर्वांत शेवटी जागा मिळाली, त्या एका मुलाचा. बस्स, इतकाच त्याचा अर्थ. त्याला कोणी दरवाजा समजू नये.

इथे आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती ध्यानात घेणारा सल्लागार आम्हांला क्वचितच भेटला. साठ जागांची एक शाखा धरा. तेरा टक्क्यांनी अनुसूचित जातीच्या जागा होतात सात-आठ. त्यांतल्या सत्तर टक्के विद्यापीठाच्या हद्दीतल्यांना, म्हणजे पाच-साडेपाच. पुन्हा त्यांत तीस टक्के मुलींच्या, म्हणजे एक-दोन. आता एका-दोन जागांच्या रकान्यात 'शेवटचा आकडा' म्हणजे पहिल्या नाहीतर दुसऱ्याच मुलीचा आकडा! त्या वर्षी एखादी हुशार मुलगी तिकडे वळली तर आकडा चढतो. तीच मुलगी मेडिकलला गेली तर चार-पाचने उतरतो. ओपनच्या मोठ्या रकान्यात असे होत नाही, तिथला आकडा सहसा जागचा फारसा हलत नाही. म्हणून आपल्या रकान्याची एका वर्षाची यादी पाहून 'नो चान्स' लिहिणे हे अडाणीपणाचे काम आहे. तीन वर्षांच्या याद्या काढा, प्रत्येक फेरीच्या काढा, आणि आपला आकडा त्यांच्या आसपास असेल तर ते कॉलेज बिनदिक्कत लिहा.

आणखी एक. ओपनचा रकाना हा कोणा एका समाजाचा नाही. तो सर्वांचा आहे. आपल्या मुलाचे पर्सेंटाईल तिथे बसत असेल तर त्याला ती जागा मिळते आणि राखीव जागा आपल्याच दुसऱ्या लेकरासाठी उरते. घरी येणारे दहा पालक असले तर त्यांतले नऊ ओपनच्या रकान्यावरून बोट सरळ पुढे सरकवतात. 'ते आपलं नाही' म्हणतात. बंधूंनो, हे कोणी शिकवले आपल्याला? आणि 'तुम्हांला काय, कोट्यातून मिळतंय' असे शेजारी म्हणतो तेव्हा मान खाली घालायचेही कारण नाही. त्यालाही हीच यादी दाखवावी. नामवंत कॉलेजात एस.सी.च्या रकान्यातही भले भले मागे पडतात.

शाखेकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये कॉम्प्युटरच्या ओपन रकान्यात नव्व्याण्णवच्या खाली काही शोधू नये. पण त्याच आवारात सिव्हिल आहे, टेक्स्टाईल आहे, प्रॉडक्शन आहे, आणि तिथले आकडे बरेच खाली असतात. १८८७ साली सुरू झालेली ती संस्था आहे, तिथली प्रयोगशाळा आणि तिथले सोबती यांचीही काही किंमत आहे. अंधेरीचे सरदार पटेल, पुण्याचे सीओईपी, सांगलीचे वालचंद, कऱ्हाड-अमरावतीची सरकारी कॉलेजे, नांदेडचे गुरू गोविंदसिंगजी, ही नावे भाईंदरच्या घरात का निघत नाहीत? लांब म्हणून. मुलीच्या बाबतीत तर भाईंदरला विरार लोकलमध्ये चढता येत नाही इथपासून कारणे सुरू होतात. मान्य आहे, चढता येत नाही. आमचीही पाठ त्या गर्दीत मोडली. पण चार वर्षांची गर्दी आणि चाळीस वर्षांची नोकरी यांचा तराजू बापाने एकट्याने धरू नये, मुलीलाही धरू द्यावा.

काही संस्था अल्पसंख्याक दर्जाच्या असतात. तिथले जागांचे गणित निराळे. म्हणून नाव लिहिण्यापूर्वी त्यांच्या यादीत आपला रकाना आहे की नाही ते पाहावे. आणि ज्यांनी क्लाससाठी मुलाला बारावीला लातूरला धाडले आहे त्यांनी हेही पाहावे की 'आपले विद्यापीठ' हे बारावी जिथून झाली त्यावरून ठरते, घर कुठे आहे यावरून नव्हे. घर मीरा रोडला असले तरी असे मूल नांदेड विद्यापीठाचे धरले जाते आणि मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत हद्दीबाहेरचे ठरते. ही गोष्ट कळेपर्यंत एका कुटुंबाची पहिली फेरी होऊन गेली होती.

आता पसंतीक्रम. आमच्याकडे येणारे बहुतेक फॉर्म भीतीने भरलेले असतात. 'आधी सेफ लिहू, मिळालं नाही तर पंचाईत', या हिशेबाने जवळचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर. संगणक वरून खाली वाचतो. वरचे मिळाले नाही म्हणून खालचे नाकारत नाही. तेव्हा वर मोठे नाव लिहिल्याने काडीचे नुकसान नाही. उलटे लिहिले तर मात्र आहे. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या ठेवल्या आणि नियम असा केला की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागेल, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतले, तिसऱ्यात पहिल्या सहांतले. म्हणजे भीतीपोटी जवळचे कॉलेज पहिले लिहिले, ते मिळाले, की पुढच्या सगळ्या फेऱ्या बंद! नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

त्या लाल पेनाच्या कागदावर नेमके हेच झाले होते. आम्ही तो कागद बाजूला ठेवला आणि मुलीलाच तीन वर्षांच्या याद्या काढायला बसवले. संध्याकाळपर्यंत तिने पस्तीस नावे लिहिली, पहिले व्हीजेटीआय इलेक्ट्रिकल. पतपेढीच्या कर्जाबद्दल बापाला आम्ही स्पष्टच सांगितले. कॅपमधून प्रवेश झाला आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले तर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, त्याहून जास्त असले तर फ्रीशिप आहे, अर्ज महाडीबीटीवर करायचा. मॅनेजमेंटच्या सीटला यातले काहीही लागू नाही. आपण होऊन आपला हक्क सोडायचा आणि वर व्याज भरायचे, याला काय म्हणावे?

पहिल्या फेरीत तिला काहीच मनासारखे आले नाही. बाप रात्री साडेदहाला आमच्या दारात. आवाज चढलेला. आम्हीही त्या रात्री नीट झोपलो नाही, खोटे कशाला बोला. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेले कॉलेज आले. 'नो चान्स'मधलेच ते एक.

हे झाले जमले त्याचे. जे जमले नाही तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात चूक आमची आहे.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्याकडे आला होता. मार्क या मुलीपेक्षा चांगले. जातीचा दाखला होता, जात पडताळणीचा अर्ज केलेला होता, पावती हातात होती. आम्ही म्हणालो, "पावती आहे ना, मग चालेल. मुदत वाढवून देतात." अमुक वर्षी वाढवून दिली होती, ते आमच्या डोक्यात. मुलाला राखीव जागेवर चांगले कॉलेज मिळाले. पण समितीने आजोबांचा पुरावा मागितला. घराणे रत्नागिरीचे. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नुसते 'बौद्ध' लिहिलेले. धर्मांतरापूर्वीची जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य, दोन्हींचा कागद हवा. दाखला रत्नागिरीचा म्हणून समितीही रत्नागिरीची. बाप रजा टाकून दोनदा गावी गेला. आजोबांच्या शाळेचे जुने रजिस्टर सापडले, तोवर मुदत टळली होती. राखीव जागेचा हक्क गेला. मुलगा ओपनमध्ये गणला गेला आणि जिथे जागा उरली होती तिथे पूर्ण फी भरून बसला. फ्रीशिपही गेली. ते कर्ज त्या घराने कसे फेडले ते आम्ही जवळून पाहिले आहे. त्या बापाने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

१९५६ साली आपल्या आजोबांनी नागपूरला किंवा आपापल्या गावी धम्मदीक्षा घेतली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले, संसदेने दुरुस्ती केली तेव्हा. इतक्या खटपटीने मिळालेली गोष्ट एका पावतीवर विसंबून आम्ही घालवली. तेव्हापासून आमचा रविवारचा पहिला प्रश्न पर्सेंटाईलचा नसतो, व्हॅलिडिटीचा असतो. ती हातात नसेल तर चान्सचा हिशेब आम्ही करतच नाही.

म्हणून ज्यांचे मूल यंदा अकरावी सायन्सला गेले आहे त्यांनी आत्ताच ज्युनिअर कॉलेजातून प्राचार्यांचे पत्र घेऊन पडताळणीचा अर्ज करावा. सख्ख्या काकाची किंवा आत्याची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत मागून घ्यावी, भाऊबंदकी थोडा वेळ बाजूला ठेवावी. दिवाळीला गावी गेलात तर आजोबा ज्या शाळेत दोन इयत्ता का होईना शिकले, त्या शाळेच्या मास्तरांना भेटून यावे. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलमधल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. आयआयटी-एनआयटीसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो, तोही याच सुमारास काढून ठेवावा.

रविवारी सकाळी दहानंतर आम्ही घरीच असतो. येताना आजोबांचा कागद आणावा, आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे.