साक्ष कुठे द्यायची?

नरकचतुर्दशीला पुरते उजाडायच्या आत आमच्या दाराची कडी वाजते. गेली अठरा वर्षे वाजते आहे. दारात शेजारच्या काकू उभ्या असतात. हातात फराळाचे ताट, वर विणलेला रुमाल. "भाऊ, चकल्या कुरकुरीत आहेत तोवर खाऊन घ्या," एवढेच बोलून त्या परत फिरतात. नाताळात आमच्या घरचे ताट त्यांच्याकडे जाते. यात काही विशेष आहे असे दोन्ही घरांना कधी वाटले नाही.

गेल्या वर्षी मात्र आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना वाटले. उपासना आटोपल्यावर मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "मास्तर, आपण अविश्वासी समाजात राहतो. जपून राहावे. असली ताटे घ्यावीत की नाही, याचाही विचार करावा."

हे गृहस्थ वाईट नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारे आहेत. पण त्यांचा तो 'अविश्वासी' शब्द माझ्या मनात काट्यासारखा रुतून बसला आहे, आणि तो उपटल्याखेरीज मला चैन पडणार नाही.

अविश्वासी कोण? आमच्या काकू? कार्तिकात पहाटे चारला उठून, थंड पाण्याने अंघोळ करून काकडआरतीला जाणारी ही बाई अविश्वासी? तिची श्रद्धा माझ्या श्रद्धेहून वेगळी आहे हे मला ठाऊक आहे, आणि तो भेद पुसून टाकावा असेही मी म्हणत नाही. पण श्रद्धेच्या नावाने माझ्याहून अधिक थंडी सोसणाऱ्या बाईला मी 'अविश्वासी' म्हणावे, हे मला जमायचे नाही. खरा अविश्वास मी पाहिला आहे तो निराळ्याच ठिकाणी. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी त्याच्या जागी मीच बसलो होतो.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या परीक्षेला मी पर्यवेक्षक होतो. गणिताचा पेपर सुरू होऊन तासही झाला नसेल, तोच एका वर्गात उत्तरांचे कागद वाटले जाऊ लागले. वाटणारे बाहेरचे कोणी नव्हते. माझ्याबरोबरच्या एका सहकाऱ्याने ते कागद हिसकावून घेतले आणि लेखी तक्रार केली. हा गृहस्थ देव मानत नाही. सत्यनारायणाला जात नाही, चर्चमध्ये येत नाही, जत्रेतही दिसत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांच्या व्याख्येप्रमाणे पुरता अविश्वासी!

पुढे चौकशी झाली. मला विचारण्यात आले, "तुम्ही काय पाहिले?" मी म्हणालो, "माझे लक्ष नव्हते."

तीन शब्द. त्या तीन शब्दांनी माझी नोकरी, माझे घराजवळचे शाळेचे गाव आणि माझी झोप शाबूत राखली. निदान पहिल्या दोन गोष्टी तरी राखल्या. तक्रार एकट्याची ठरली, आणि एकट्याची तक्रार म्हणजे भांडखोरपणा, हे आपल्याकडे ठरलेलेच आहे. त्याची बदली साठ किलोमीटर दूर झाली. निघताना तो मला भेटायला आला, चहा घेतला आणि त्या विषयावर अक्षरही बोलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी, पाळीप्रमाणे, उपासनेत शास्त्रपाठ वाचायला मी उभा राहिलो. माझा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. मला भय वाटते ते त्याचेच.

आम्हा ख्रिस्ती लोकांत 'साक्ष देणे' हा मोठा आवडता शब्द आहे. मंडळीपुढे उभे राहायचे, प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सांगायचे, डोळे पुसायचे. मीही अनेकदा दिली आहे. पण जिथे खुर्ची-टेबल मांडून साक्षच मागितली होती, तिथे मी दिली नाही. दिली ती देव न मानणाऱ्याने. मग मी कोणत्या तोंडाने म्हणू, की समाज अविश्वासी आहे?

आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांत याहून निराळी माणसे होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण म्हणून आपली विवेकबुद्धी तिथल्या जोगिणींच्या हवाली केली नाही. आहार शाकाहारीच ठेवला. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून वाद घातला. आणि १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या इस्पितळात बायकांची जी हेळसांड चालली होती, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले. सरकार कोणाचे? ख्रिस्ती राणीचे. बाईंना आश्रयदाते कुठले? काही त्याच राणीच्या देशातले. "माझे लक्ष नव्हते" असे म्हणणे त्यांना किती सोयीचे होते!

आमच्या अगदी जवळच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ते २०२४ साली वारले. वसईची जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी ते 'हरित वसई'च्या चळवळीत उतरले, ते काही केवळ ख्रिस्त्यांच्या विहिरींसाठी नव्हे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. मराठी वाचकहो, तुमच्याशीही माझे एवढ्यापुरते भांडण आहे. दोनशे वर्षे या भाषेत लिहिणाऱ्या, रडणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या माणसांना तुम्ही अजून "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारता, तेव्हा आमच्यातल्या भित्र्यांना कुंपणाआड बसायला आयतेच निमित्त मिळते.

पण माझे मोठे भांडण घरातच आहे.

आमचे ते वडीलधारे आणखी एका गोष्टीवर फार चिडतात. खेड्यातली कित्येक गरीब कुटुंबे रविवारी उपासनेला येतात आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' लिहितात. "दोन डगरींवर पाय!" असे म्हणून ते नाक मुरडतात. कारण सर्वांना माहीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. बाप्तिस्मा घेतल्याने माणसाच्या वाट्याची गावकुसाबाहेरची वागणूक संपत नाही; पण खरे लिहिले तर पोराची ती शिष्यवृत्ती जाते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही एका खटल्यात सांगितले, की आचरण ख्रिस्ती असताना केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणे ही संविधानाची फसवणूक आहे.

खोटे ते खोटेच; त्याला मी खरे म्हणणार नाही. पण त्या मजुराचे खोटे आणि माझे खोटे तराजूत घाला. तो पोराच्या शिक्षणासाठी बोलला. मी माझ्या सोयीसाठी. त्याच्याकडे दुसरी वाट क्वचितच असते, माझ्याकडे होती. आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांपैकी किती जणांना खरे बोलण्याची किंमत कधी मोजावी लागली? ज्याचे खरे फुकटात पडते, त्याने दुसऱ्याच्या महागड्या खऱ्याचा हिशेब मागू नये.

मागायचाच असेल तर आधी हिशेबात वाटा उचलावा. आमच्या कितीतरी मंडळ्यांच्या नावे जमिनी आहेत, इमारती आहेत, नाताळच्या रोषणाईला पैसा आहे. त्या मजुराच्या पोराची फी मंडळीने भरावी आणि मग म्हणावे, "बाबा, आता दाखल्यावर खरे लिही, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत." तो आदेश बदलून घेण्यासाठी झगडायचे तेही आपण झगडावे, त्याच्या पोटाला चिमटा घेऊन नव्हे. कोणी सहकारी एकटा तक्रार करत असेल, तर खाली आपलीही सही करावी. ख्रिस्ताने मिठाची उपमा दिली, ती काही बरणीत झाकून ठेवलेल्या मिठाची नसावी.

सदाचाराचे प्रवचन करण्याचा मला अधिकार नाही, हे मी वर कबूलच केले आहे. हा लेख त्या चौकशीत न दिलेली साक्ष आहे. फार उशिरा दिलेली. त्या सहकाऱ्याला मी ती पत्राने आधीच कळवली आहे, आणि जिथे कळवायची तिथे लेखीही दिली आहे. त्याने तो आपल्या गावी परत आला असे नाही.

यंदाही कडी वाजेल. काकू ताट देतील, मी घेईन. अविश्वासी माणसाच्या हातचे घ्यावे की नाही, हा प्रश्न त्यांनी मला विचारला तर मात्र मला उत्तर सुचायचे नाही.