दाद आणि समीक्षा

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि बाहेर पडता पडता आपण एकमेकांना विचारतो, "कसा वाटला?" उत्तर बहुधा एका शब्दाचे असते. "छान" किंवा "कंटाळवाणा". तेवढ्यावर विषय संपतो. खरे तर विषय तेथून सुरू व्हायला हवा.

एकदा वर्गात 'मोआना २' या ॲनिमेशन चित्रपटाची गोष्ट निघाली. पाहिलेल्यांपैकी बहुतेक मुलांनी "मस्त आहे, सर!" असे एका सुरात सांगितले. एक मुलगी मात्र उभी राहून म्हणाली, "सर, मला आवडला, पण तो पहिल्याइतका चांगला नाही." वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "आवडला, तर मग चांगला कसा नाही?" ती मुलगी ओशाळली आणि खाली बसली.

तिचे काही चुकले होते का? मला वाटते, त्या दिवशी वर्गात सर्वांत विचारपूर्वक बोललेले वाक्य तिचेच होते. हे पटण्यासाठी त्या चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद थोडा बारकाईने पाहू.

'मोआना' हा पहिला चित्रपट अमेरिकेतील डिस्ने कंपनीने २०१६ साली काढला. पॅसिफिक महासागरातील एका बेटावर राहणारी मोआना ही त्याची नायिका. तिच्या बेटावरील लोकांना समुद्रात दूर जाण्याची बंदी असते. मोआनाला मात्र समुद्र बोलावतो. घरच्यांचे ऐकावे की मनाचे, या पेचात ती सापडते आणि शेवटी होडी घेऊन निघते. पॉलिनेशियन लोक पूर्वी तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधाराने विशाल समुद्र ओलांडत असत. त्या खऱ्या परंपरेचा या कथेला आधार आहे. हा चित्रपट समीक्षकांना आवडला आणि मुलांनाही. पुढे कित्येक वर्षे मुले तो घरी पुन्हा पुन्हा पाहत राहिली.

दुसरा भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. यात मोआना मोटुफेटू नावाच्या हरवलेल्या बेटाच्या शोधात निघते. निरनिराळ्या बेटांवरील लोकांची तुटलेली नाती पुन्हा जोडायची, हे तिचे ध्येय असते. या वेळी तिच्याबरोबर काही नवे सोबतीही असतात. अमेरिकेत सणाच्या सुट्टीतील पहिल्या पाच दिवसांतच चित्रपटाने सुमारे २२ कोटी ५० लाख डॉलर मिळवले. जगभरातील कमाई १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. पहिल्या भागाच्या कमाईपेक्षा ही रक्कम कितीतरी जास्त होती.

समीक्षकांचा सूर मात्र वेगळा होता. 'रॉटन टोमॅटोज' ही अमेरिकन संस्था समीक्षकांची मते एकत्र करते. तिच्या मोजणीत पहिल्या भागाला सुमारे ९५ टक्के मिळाले होते, तर दुसऱ्याला सुमारे ६० टक्के. त्याच ठिकाणी प्रेक्षकांनी दुसऱ्या भागाला दिलेला आकडा ८५ टक्क्यांच्या आसपास होता. 'सिनेमास्कोअर' ही दुसरी संस्था पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना श्रेणी विचारते. तेथे पहिल्या भागाला 'ए' मिळाली होती. दुसऱ्याला तिच्या किंचित खालची, म्हणजे 'ए उणे' श्रेणी मिळाली.

हे आकडे वाचताना एक चूक नेहमी होते. ६० टक्के म्हणजे परीक्षेतले १०० पैकी ६० गुण, असे आपण समजतो. तसे नाही. १०० समीक्षकांपैकी सुमारे ६० जणांनी चित्रपट पाहण्याजोगा मानला आणि ४० जणांनी मानला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या ६० जणांनी तो उत्कृष्ट म्हटला की जेमतेम बरा म्हटला, हे आकडा सांगत नाही. प्रेक्षकांचे आकडेही जपूनच वाचावेत. पहिल्याच दिवशी तिकीट काढून जाणारा माणूस बहुधा त्या कथेचा चाहता असतो. तो आवडीची तयारी करूनच आत गेलेला असतो. म्हणून आकडा पाहून थांबू नये. आकड्यामागचे कारण शोधावे.

समीक्षकांची कारणे कोणती होती? चित्रपटातील समुद्र, आकाश आणि रंग यांची अनेकांनी स्तुती केली. मोआनाला आवाज देणाऱ्या ऑलिई क्रव्हाल्हो हिचेही कौतुक झाले. पण गाणी पहिल्यासारखी मनात राहत नाहीत, असे बऱ्याच जणांनी लिहिले. पहिल्या भागाच्या गीतकारांपैकी लिन-मॅन्युएल मिरांडा या वेळी नव्हते. नवे सोबती विनोद करतात, पण त्यांची ओळख पुरेशी होत नाही, असाही आक्षेप होता. कथा सलग वाटत नाही, मालिकेचे भाग एकत्र शिवल्यासारखी वाटते, ही तक्रारही वारंवार आली.

या शेवटच्या तक्रारीला आधार होता. 'मोआना'ची पुढची गोष्ट घरी पाहायची मालिका म्हणून २०२० साली जाहीर झाली होती. तिचा चित्रपट होणार, ही घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली.

प्रेक्षकांचीही कारणे होती आणि ती खोटी नव्हती. आठ वर्षांनी मोआना पुन्हा भेटली. पहिला भाग पाहिला तेव्हा चार वर्षांचे असलेले मूल आता बारा वर्षांचे झाले होते आणि धाकट्या भावंडाला घेऊन आले होते. आजी, आई, मुले सर्वांनी एकत्र बसून संकोच न करता पाहावा, असे चित्रपट फार नसतात. सुट्टीच्या दिवशी घरातील सर्वजण एकत्र हसले, हा आनंद खरा आहे. कोणा समीक्षकाने नापसंती दाखवली म्हणून तो खोटा ठरत नाही.

मग बरोबर कोण? उर्दू वाचणाऱ्या तुम्हा मुलांना हे मुशायऱ्याच्या उदाहरणाने लवकर कळेल. मुशायऱ्यात शायर गोड गळ्याने, तरन्नुममध्ये गझल म्हणतो. सभा "वाह वाह" करते, "मुकर्रर" म्हणून शेर पुन्हा म्हणायला लावते. दुसऱ्या दिवशी तीच गझल कागदावर वाचली की कधी ती आणखी सुंदर वाटते, कधी अगदी सामान्य वाटते. सभेची दाद खोटी नव्हती. त्या रात्रीचा आवाज, सोबत आणि वातावरण यांना ती मिळाली होती. कागदावर वाचून केलेली पारख ही तनकीद. मराठीत तिलाच आपण समीक्षा म्हणतो. मला आनंद झाला का, याचे उत्तर दाद देते. हे काम कसे झाले आहे, याचे उत्तर समीक्षा देते. प्रश्नच दोन आहेत. मग उत्तरेही दोन निघाली, तर भांडण कशाचे?

येथपर्यंत बहुतेकांना पटेल. पण यापुढे काही मोठी माणसे एक वाक्य बोलतात आणि त्याला माझा विरोध आहे. ती म्हणतात, "मुलांचा तर चित्रपट आहे. त्याची एवढी चिकित्सा कशाला? मुलांना काय, काहीही चालते!"

वरवर हे वाक्य मुलांच्या बाजूचे वाटते. खरे पाहता तो मुलांचा अपमान आहे. मुलांना कमी कळते, म्हणून त्यांना कमी दिले तरी चालेल, असा त्याचा अर्थ होतो. पाहुण्यांसाठी ताजे जेवण आणि घरच्या मुलांसाठी कालचे उरलेले, असे आपण घरात करतो का? मग कथा आणि गाणी यांच्या बाबतीत तसे का करावे?

मुलांसाठी मन लावून काम करणारी माणसे आहेत, याचा पुरावा 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाने दिला. तो पिक्सार संस्थेने १९९९ साली काढला. विशेष म्हणजे त्याची सुरुवातही घरगुती व्हिडिओ कॅसेटसाठी झाली होती. नंतर तो चित्रपटगृहांसाठी करायचे ठरले. काम बरेच पुढे गेल्यावर करणाऱ्यांनाच जाणवले, की हे पुरेसे चांगले नाही. "मुलांना चालेल" असे म्हणून ते पुढे जाऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. दिग्दर्शक जॉन लॅसेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे नऊ महिन्यांत बहुतेक चित्रपट नव्याने घडवला.

या दुसऱ्या भागात एक नवा आणि अवघड प्रश्न होता. वुडी या खेळण्यापुढे दोन वाटा असतात. संग्रहालयातील काचेच्या कपाटात कायम सुरक्षित राहायचे, की एक दिवस मोठा होऊन आपल्याला विसरणार असलेल्या मुलाकडे परत जायचे? सहा वर्षांच्या मुलालाही हा प्रश्न भिडला आणि त्याच्या आजोबांनाही. प्रेक्षक आणि समीक्षक दोघांनीही तो चित्रपट डोक्यावर घेतला. २००० साली त्याला विनोदी व संगीतप्रधान चित्रपटांच्या गटातील गोल्डन ग्लोब पुरस्कारही मिळाला.

म्हणजे सुरुवात छोट्या पडद्यासाठी झाली, हा दोष नाही. दुसरा भाग काढला, हाही दोष नाही. दुसऱ्या भागात सांगण्यासारखे नवे काय आहे, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या चित्रपटात मोआनाच्या मनात पेच होता. दुसऱ्यात प्रवास आहे, वादळे आहेत, पण मनातला पेच फिका आहे. माझ्या मते त्या मुलीला हेच जाणवले होते. तिला ते शब्दांत मांडता आले नाही, एवढेच.

समीक्षक का हवेत, याचे आणखी एक कारण आहे. मार्च २०२५ मध्ये ॲनिमेशन चित्रपटाचा ऑस्कर 'फ्लो' या चित्रपटाला मिळाला. लॅटव्हिया या युरोपातील लहानशा देशातील दिग्दर्शकाने तो केला आहे. पुरात सापडलेल्या एका मांजराची ही गोष्ट आहे आणि त्यात एकही संवाद नाही. त्याची कमाई 'मोआना २'च्या तुलनेत अगदीच थोडी होती. केवळ तिकिटांची मोजदाद केली असती, तर त्याचे नाव दूरदेशी फार थोड्यांच्या कानावर आले असते. पारख करणाऱ्यांनी तो पाहा, असे सांगितले, म्हणून तो पुढे आला.

मित्रहो, समीक्षकाचे मत पाठ करू नका आणि गर्दी टाळ्या वाजवते म्हणून वाजवूही नका. जे आवडले ते मोकळेपणाने आवडले म्हणा. पण पुढे "कारण" हा शब्द जोडा आणि वाक्य पूर्ण करा. एखाद्या आवडत्या चित्रपटातही उणीव दिसली, तर ती सांगायला लाजू नका. उणीव दाखवणे म्हणजे प्रेम कमी होणे नव्हे. आपल्या मित्राचे अक्षर वाईट आहे, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून आपण मैत्री तोडत नाही.

आणि वर्गात कोणी सर्वांपेक्षा वेगळे मत दिले, तर हसू नका. फक्त विचारा, "का?" त्या मुलीला आम्ही त्या दिवशी तो प्रश्न विचारला असता, तर सगळ्या वर्गाला नवे काही ऐकायला मिळाले असते. तो मी विचारला नाही, ही चूक माझीही होती.