म्युच्युअल फंडांचा अदृश्य खर्च आणि गुंतवणूकदाराची निवड

मुंबई : देशातील म्युच्युअल फंड उद्योगाच्या व्यवस्थापनाखालील मालमत्तेने २०२५ च्या अखेरीस ८० लाख कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला. हीच मालमत्ता २०१४ मध्ये प्रथम १० लाख कोटी रुपयांवर पोहोचली होती. कोणत्या फंडाने वर्षभरात किती परतावा दिला, याची चर्चा सर्वत्र होते. तो फंड सांभाळण्यासाठी कंपनी किती मोबदला घेते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. परताव्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. खर्च मात्र ठरलेला असतो आणि बाजार पडला तरी तो आकारला जातो.

या खर्चाचे कोणतेही देयक गुंतवणूकदाराच्या हाती पडत नाही. एकूण खर्च गुणोत्तरानुसार ही रक्कम दररोज योजनेच्या मालमत्तेतून वजा होते आणि त्यानंतरच निव्वळ मालमत्ता मूल्य जाहीर होते. त्यामुळे एक टक्क्याचा फरक क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात, १० लाख रुपये २० वर्षांसाठी गुंतवले आणि खर्चापूर्वीचा वार्षिक परतावा १२ टक्के गृहीत धरला, तर २ टक्के खर्चाच्या योजनेत सुमारे ६७ लाख रुपये होतात. १ टक्का खर्चाच्या योजनेत सुमारे ८० लाख ६० हजार. ही तफावत मूळ मुद्दलापेक्षाही अधिक आहे.

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, अर्थात ‘सेबी’ने, हा भार कमी करण्यासाठी टप्प्याटप्प्याने पावले उचलली. ऑगस्ट २००९ पासून प्रवेश शुल्क बंद झाले. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक कंपनीला ‘डायरेक्ट प्लॅन’ देणे बंधनकारक झाले. त्यात योजना, व्यवस्थापक आणि समभाग तेच असतात. केवळ वितरकाचे कमिशन वगळलेले असते. २०१९ पासून योजनेचा आकार वाढेल तशी खर्चाची कमाल मर्यादा उतरत जाईल, अशी रचना अधिक कठोर करण्यात आली.

डिसेंबर २०२५ मध्ये ‘सेबी’ने मंजूर केलेल्या नव्या नियमावलीत ‘मूलभूत खर्च गुणोत्तर’ ही संकल्पना आली आहे. वस्तू व सेवा कर, रोखे व्यवहार कर, मुद्रांक शुल्क यांसारखी वैधानिक आकारणी त्यातून वेगळी काढण्यात आली आहे. यामुळे कंपनीचा मोबदला किती आणि सरकारी कर किती, हे स्पष्ट होईल. तथापि, जुने एकूण गुणोत्तर आणि नवे मूलभूत गुणोत्तर शेजारी ठेवून खर्च घटल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. काही आकारणी केवळ एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली आहे. तुलना एकूण खर्चाचीच व्हायला हवी.

कंपनी निवडताना ‘सर्वांत स्वस्त कंपनी’ हा निकषही अपुरा आहे. एकाच कंपनीच्या एका योजनेचा खर्च कमी, तर दुसरीचा अधिक असू शकतो. म्हणून तुलना एकाच प्रवर्गातील योजनांची आणि डायरेक्टची डायरेक्टशीच करावी. निर्देशांक फंडात खर्चाबरोबरच निर्देशांकाच्या आणि फंडाच्या परताव्यातील तफावतही पाहावी. खर्च कमी असूनही ही तफावत मोठी असेल, तर स्वस्ताईचा लाभ उरत नाही. कंपन्यांना खर्चाचे गुणोत्तर संकेतस्थळावर दररोज जाहीर करावे लागते. सुरुवातीला सवलत देऊन नंतर खर्च वाढवला गेला का, हे त्यावरून तपासता येते.

वितरकाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पहिल्यांदाच बाजारात आलेल्या बचतदाराला घसरणीच्या काळात धीर देणारा, वारसनोंद आणि कागदपत्रे पूर्ण करून देणारा माणूस मोलाचा असतो. प्रश्न इतकाच, की त्या सेवेची किंमत गुंतवणूकदाराला ठाऊक आहे का, आणि ती सेवा दरवर्षी खरोखर मिळते का. कमिशन मात्र गुंतवणूक असेपर्यंत चालूच राहते.

जुनी गुंतवणूक घाईने डायरेक्ट प्लॅनमध्ये वळवणेही महागात पडू शकते, कारण असे स्थलांतर कायद्याने विक्रीच मानले जाते. समभाग योजनांत एक वर्षाहून अधिक काळानंतरच्या नफ्यावर, वार्षिक सव्वा लाख रुपयांच्या सवलतीपलीकडे १२.५ टक्के, तर त्याआधीच्या नफ्यावर २० टक्के कर लागतो. काही योजनांत निर्गमन शुल्कही असते. नवे मासिक हप्ते डायरेक्ट प्लॅनमध्ये सुरू करून जुनी रक्कम करसवलतीच्या मर्यादेत दरवर्षी थोडी थोडी वळवणे, हा तुलनेने सोयीचा मार्ग आहे.

नियामकाने मर्यादा आखून दिल्या, माहितीही खुली केली. आपल्या खाते विवरणात योजनेच्या नावापुढे ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’, एवढे पाहणे ही तपासणीची पहिली पायरी ठरते.