टाचेला हवं काम, आराम नाही!

६ फेब्रुवारी २०२५ ला जामठ्यात इंग्लंडविरुद्ध मोहम्मद शमी धावत आला, तेव्हा अख्खं नागपूर त्याचा हात बघत होतं. माझं लक्ष मात्र टाचेकडे! २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलनंतरची ही त्याची पहिलीच वन-डे. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच्या अकिलीस टेंडनचं ऑपरेशन झालं होतं.

अकिलीस टेंडन म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी जाड दोरी. ती दुखायला बॉलर असावं लागत नाही राजेहो. इतवारीत गाडी लांब लावून सराफा ते किराणा ओळ पायी फिरणारी माझ्यासारखी फ्रीलान्सर पुरते. सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेमागे कळ, चार पावलांनी जरा मोकळं, संध्याकाळी पुन्हा ठणका. आमचं तर पाय चालले तरच घर चालतं!

घरोघरी सल्ला एकच: मालीश करा, पडून राहा. पण नुसत्या आरामानं ही दोरी आणखी कमकुवत होते. तिला हळूहळू वाढवलेलं वजन लागतं. स्वीडनचे सर्जन हाकन अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही चालतो. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहा. दोन्ही पायांनी टाचा उचला, मग दुखऱ्या पायावर भार देत टाच सावकाश पायरीखाली न्या. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, असे ३ सेट. गुडघा किंचित वाकवून तेवढेच. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. थोडं दुखलं तर चालतं, कळ वाढत गेली तर कमी करा. दुखणं थेट टाचेच्या हाडाशी असेल, तर मात्र सपाट जमिनीवरच करा. आणि काही दिवस सपाट चपलेला सुट्टी!

झटपट आरामासाठी शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन? नको रे बाबा, शीर तुटायची भीती असते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक्सनीही ती वाढते, म्हणून टाच दुखते हे डॉक्टरांना आधी सांगा.

मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘फट्’ आवाज आला, चवड्यावर उभं राहता येईना? मग व्यायाम नाही, पायरी नाही. त्याच दिवशी हाडांचे डॉक्टर गाठा. बाकीच्यांनो, इतवारीतल्या दुकानांना पायऱ्या भरपूर आहेत. सुरू करा!