काचेच्या कपाटातलं कातडं



जळगावात, धुळ्यात आपल्या नोकरदार बांधवांच्या घरी गेलो की हल्ली दिवाणखान्यात काचेचं कपाट दिसतं. वर बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा, आत कातडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे डिकन्स, थॅकरे, हार्डी. एखादा खंड उघडावा, तर पानांच्या सोनेरी कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या!

यावर एक उत्तर तयार असतं: "बाबासाहेबांनीही हजारो ग्रंथ जमवलेच की." जमवले, पण वाचायला. दादरचं राजगृह त्यांनी ग्रंथांसाठी बांधलं. ग्रंथांसाठी घर बांधणाऱ्याचं नाव घेऊन आपण घराच्या शोभेसाठी ग्रंथ घ्यायचे?

ज्या डिकन्सला आपण कातड्यात गुंडाळून ठेवलं, तो कोण होता? बाप कर्जापायी तुरुंगात आणि बारा वर्षांचं पोरगं लंडनच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवतंय. १८३६ पासून त्याची 'पिकविक पेपर्स' महिन्याला एक शिलिंग किमतीच्या, कागदी वेष्टनाच्या भागांतून निघाली. कातडी बांधणी ही श्रीमंतांच्या कपाटाची हौस.

आणि ते कातडं? १९व्या शतकात मद्रासहून शेळ्या-मेंढ्यांची कमावलेली कातडी जहाजांनी लंडनला जात, तिथे पुस्तकांच्या बांधणीलाही लागत. चुन्याच्या हौदात हातपाय घालून कातडं कमावणं या देशात कोणाच्या वाट्याला आलं, हे ढोर-चांभारांच्या लेकरांना आम्ही सांगायला नको. ज्या हातांनी कातडं कमावलं, त्यांना अक्षर नाकारलं गेलं. आज अक्षर हाती आलं, तर आपण पुन्हा कातड्यालाच भुलायचं?

आता आपल्या खानदेशाकडे या. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला बसला आपलाच एक माणूस, ज्याने तो कधी हाकला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलंय. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते छापलं, तेही छोट्या पुस्तिकेच्या रूपात. चाळीसगाव स्टेशनवरून रोज जाणाऱ्या आपल्या किती तरुणांनी ती पानं वाचलीत?

डिकन्स वाचू नका, असं आम्ही म्हणत नाही. जरूर वाचा. गरिबाच्या पोराचं दुःख त्याला कळत होतं. पण साध्या बांधणीचा घ्या, पेन्सिलीने खुणा करा, वाचून झाला की दुसऱ्याला द्या. एका कातडी संचाच्या पैशांत वस्तीतल्या विहारात फळीभर पुस्तकं येतात. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे बसतील, भांडतील, वाचतील.

येत्या १४ एप्रिलला आपल्या कपाटाची काच उघडा. ज्या पुस्तकाची पानं अजून सुटी झाली नाहीत, ते आधी वाचा. वाचायचं नसेल तर विहारात नेऊन द्या.