मिस्सा संपल्यावर

आपल्या अंकात गणपती आणि दिवाळी दर वर्षी येतात. वसईची, नगरकडची ख्रिस्ती मुलेही याच वर्गात मराठी शिकतात, म्हणून या वेळी थोडे त्यांच्या उपासनेविषयी. (नगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच येते!)

मुलांनो, कॅथलिक लोक चर्चमधल्या मुख्य उपासनेला 'मिस्सा' म्हणतात. पूर्वी ही उपासना लॅटिन भाषेत चाले. शेवटी धर्मगुरू लोकांना निरोप देत, त्या निरोपाच्या वाक्यात 'मिस्सा' हा शब्द असे. त्याचा अर्थ पाठवणी. गंमत पाहा, सगळ्या उपासनेला नाव मिळाले ते शेवटच्या क्षणाचे, लोक दाराबाहेर पडतात त्या क्षणाचे! म्हणजे बाहेर पडल्यावर आपण कसे वागतो, हाही उपासनेचाच भाग आहे, असे माझे मत आहे. आपण पालक मात्र मुलांना एवढेच विचारतो, "मिस्साला गेलास का? धर्मशिक्षणाची परीक्षा कधी आहे?"

दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) झाली आणि ही उपासना लोकांच्या भाषेत करण्याची मोकळीक मिळाली. मराठीत ख्रिस्ताची कथा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. इथे बहरीनमध्ये आपली मुले प्रार्थना बहुतेक इंग्रजीतूनच म्हणतात. तीही म्हणावी, पण घरी एकदा मराठीतून म्हणून पाहावी. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'मी', 'मला', 'माझे' हे शब्द एकदाही येत नाहीत. मोजून पाहा! सगळीकडे 'आम्ही' आणि 'आमचे'. आणि जे मागायचे, ते केक नाही, बिर्याणी नाही, रोजची भाकर.

आता या 'आम्ही'मध्ये कोण कोण येते? व्याकरणाच्या तासाला आपण 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक शिकलो. प्रार्थनेतला 'आम्ही' त्याहून अवघड आहे. इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून बरेच जण शुक्रवारीच चर्चला जातात. रविवारी ऑफिस आणि शाळा. आपण नवे कपडे घालून निघतो, तेव्हा घरी काम करणारी बाई कुठे असते? पुष्कळ घरांत ती परत येणाऱ्यांसाठी स्वयंपाक करत असते. तीही कदाचित ख्रिस्ती असते, तिलाही चर्चला जायचे असते. भाकर मागताना आपण 'आमची' म्हणतो, आणि ती करणारी त्यात धरत नाही. हे मला पटत नाही.

येशूची एक सूचना तर फारच सरळ आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. मिस्सात शेजाऱ्याला शांती देतात ती त्यासाठीच. पण शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला शांती देणे सोपे. घरात पेन्सिलीवरून भांडलेल्या बहिणीला दिली तर खरी!

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे मोठ्यांना ठाऊक असेल. मला त्यांचे मोठेपण वाटते ते आणखी एका गोष्टीसाठी. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. वेदीवरचा माणूस विहिरीपर्यंत चालत गेला.

आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. आमच्या इमारतीत दोन घरांनी शुक्रवारी बाईंना पूर्ण सुट्टी द्यायला सुरुवात केली आहे. जेवणानंतरची भांडी मुले घासतात. कढईचा तळ अजून नीट निघत नाही, असे कळते.